शिक्का नसलेली बरणी

“मावशी, हे बरणी तुमच्या मायची नाही,” तो म्हणाला आणि त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली.

माझ्या मुलाच्या वयाचा हा माणूस खामगावच्या आठवडी बाजारात जुनी भांडी विकतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चिनी मातीच्या बरणीवर कारखान्याचा शिक्का नसला, की तो ती आधी बोटानं वाजवतो, मग उपडी करून बुडाला जीभ लावतो आणि तोंड पुसल्यावरच भाव सांगतो. लोक हसतात. पण त्याचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

आई गेल्यावर भावजयीनं तिची लोणच्याची बरणी भंगारात दिली. तेव्हापासून दर बाजारी मी ती त्याच्याकडे शोधते. आज सापडली होती. वर पिवळी, खाली पांढरी, काठाचा टवकाही तिथंच उडालेला.

“काऊन नाही? मले माह्या मायची बरणी समजत नाही का बे?”

“लोणच्याच्या बरणीचं बूड मीठ पिते, मावशी. यात कोणी लोणचं घातलंच नाही. चाटून पाहा.”

भर बाजारात मी चाटलं. नुसती माती लागली.

“असू दे. दे मले तशीच.”

“बरणी म्हणून न्या. मायची म्हणून मी इकणार नाही.”

मी रिकाम्या हातानं उठले. पुढच्या बाजारी पुन्हा जाईन.

आईच्या बरणीतलं लोणचं खाऊन आम्ही पाच भावंडं वाढलो. त्यांतली आता मी एकटीच आहे.