लंकाबाईचा चार दिवसांचा खाडा

१९ जानेवारी १९९१. एकशे वीस रुपये. कारभारी मुकादमाच्या टोळीतील सूर्यभानच्या कोयत्यावर चार दिवसांचा खाडा, दर दिवशी तीस. कारण : बायको तापाने पडून.

साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात मी ऊसतोडीचे हिशेब लिहीत आलो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांतले एक जरी फडात आले नाही तरी त्या दिवसाचे पैसे कापतात, तो खाडा. वरची नोंद मी विसरूनही गेलो होतो. सात वर्षांनी सूर्यभानची बायको लंकाबाई माझ्या टेबलापाशी आली, तेव्हा त्या नोंदीची गरज पडली.

लंकाबाई कर्जतकडची. तिची मुलगी ज्योती साडेसहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती, कोणाकडे बघत नव्हती. रात्र रात्र जागे आणि बैलांच्या पायांत शिरे. म्हणून लंकाबाई तिला लुगड्याच्या पट्टीने आपल्या कमरेला बांधून पडे आणि पहाटे तशीच तोडीला जाई. सासू चांगुणा टोळीभर सांगत फिरे, "पोटुशी असताना हिनं रानात उतारा वलांडला. पोर झपाटलीया." सूर्यभानसाठी दुसरी बघून झाली होती. हंगाम संपला की लंकाबाईला घरात घ्यायचे नाही, असे ठरत आले होते.

केडगावच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दोन गोष्टी विचारल्या होत्या : मुलगी केव्हा झोपते, आणि गरोदरपणी ताप आला होता का, कितव्या महिन्यात.

"ताप आल्ता, भाऊसाहेब. लई आल्ता. पन कवा, ते कसं सांगू?"

जुने रजिस्टर काढले. ज्योतीचा जन्म जूनअखेरचा. म्हणजे जानेवारीतला तो ताप चौथ्या महिन्यातला. झोपेचे मात्र रोज लिहावे लागले. लंकाबाईला घड्याळ कळत नव्हते. कारखान्याचा भोंगा आठ-आठ तासांनी होई, मधला वेळ ती भाकरीत मोजी, एक भाकरी भाजायला लागतो तेवढा. "भोंगा झाला, धा भाकरी झाल्या, तवा डोळा लागला." पंधरा दिवसांचे आकडे एकाखाली एक मांडले. झोप वाटेल तशी नव्हती. रोज साधारण तासभर पुढे सरकत होती.

खाड्याच्या नोंदीची नक्कल आणि झोपेचे आकडे घेऊन मीच तिच्याबरोबर केडगावला गेलो. डॉक्टरीणबाईंनी आकड्यांचा कागद दोनदा पाहिला. "हिच्या शरीरातलं घड्याळ दिवसाला धरून चालत नाही. आईला मोठा ताप आला की तिचं शरीर रोगाशी लढतं, आणि त्या लढाईचा परिणाम पोटातल्या बाळाच्या मेंदूवर होऊ शकतो, असं आता अभ्यासक म्हणतात. खात्रीनं मी सांगणार नाही."

"पन उताऱ्यानं न्हाई ना?"

"नाही."

"मग तेवढं लिवून द्या, बाई."

बाईंनी तापाचे आणि उताऱ्याचे दोन्ही लिहून दिले. संध्याकाळी टोळीच्या पाचटाच्या कोप्यांसमोर तो कागद मी वाचून दाखवला. सूर्यभानने शेवटपर्यंत ऐकला.

"म्हंजी हिच्याच अंगातून आलं की."

"मी येगळं काय सांगत हुते?" चांगुणा म्हणाली. "आता तर डाक्टरनंच लिवून दिलं."

लंकाबाई पहिल्यांदाच सूर्यभानकडे वळून बोलली. "ताप आठ दिस हुता. पाचव्या दिशी कोयता हातात कुनी दिला?"

"खाडा कोन भरनार हुतं? तुजा बाप?"

दोघेचौघे हसले. मी कारभारीला म्हणालो, आजारी बाईचा खाडा तू कापायला नको होता. तो तंबाखू मळत होता.

"मी निस्तं लिवलं, भाऊसाहेब. मंजूर हापिसात झालं. सही कुनाची हाय बघा की."

नोंदीची नक्कल माझ्याच हातात होती. सही माझी होती.

एप्रिलात टोळीचा ट्रक कर्जतला गेला, लंकाबाई आणि ज्योतीला मागे ठेवून. एकट्या बाईचा कोयता होत नाही, त्यामुळे पुढच्या हंगामात तिला एकाही मुकादमाने घेतले नाही. हल्ली ती देवळाली प्रवरेच्या रस्त्यावर जनावरांच्या चाऱ्यासाठी उसाचे वाढे विकते. ज्योती शेजारी पोत्यावर झोपलेली असते. जागी असली तर खांबाला बांधलेली. डॉक्टरीणबाईंचा कागद लंकाबाईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे.

डॉक्टरीणबाईंची फी पंचवीस रुपये मी भरली होती. लंकाबाईने अठरा परत केले. सात यायचे आहेत.