हवेचं भाडं

रमाकांतभाऊंचा जन्म गेला खामगावच्या एका जिनिंग कारखान्यात, काट्यावर कापूस जोखण्यात. गाडीवाले वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारून आणत, मालक काट्यात मारे, आणि भाऊंना दोघांचीही सारखीच किळस येई. रिटायर झाल्यावर किळस काही रिटायर झाली नाही. पेपर वाचला तरी त्यांचं तोंड कडू व्हायचं.

त्यांची बायको शारदाबाई फुलवाती वळायची. टपोऱ्या, मऊ, एकसारख्या. अर्पिता नावाच्या भाचीनं त्या वाती ऑनलाइन विकायला लावल्या, आणि साठी उलटलेल्या शारदाबाईंच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. "आता साडीसाठी तुमाले मागावं लागणार नाही," त्या म्हणाल्या. भाऊंना ते झोंबलं, पण बायको इतकी हसताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

टपालखर्च ठरवायचं काम भाऊंनी ऐटीत अंगावर घेतलं. कापूस आणि वजन! यात त्यांना कोण शिकवणार? वातींचा डबा काट्यावर ठेवला तर काटा धड हलेना. मग त्यांनी पाठवणावळही तशीच किरकोळ लावली. महिनाअखेरीस कुरिअरचं बिल आलं आणि वातींची सगळी कमाई त्यात बुडाली. भाऊ तणतणत कुरिअरच्या ऑफिसात गेले.

"काऊन बे ऋत्विक, एवढे पैसे कायचे? वजन तरी आहे का त्या डब्याले?"

काउंटरवरच्या ऋत्विकनं मोबाइलमधून मान वर केली नाही. "काका, हलक्या मालाचं वजन नाही पाहत. डब्बा किती मोठा ते पाहतो. गाडीत जागा अडते ना."

"म्हणजे हवेचं भाडं घेता तुम्ही!"

"हाव."

भाऊंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी वाती दाबून लहान डब्यात भरायचं काढलं, तर शारदाबाई कडाडल्या, "गाठी बांधून राह्यले का कापसाच्या? चेंबलेली वात देवापुढे लावते का कोणी?"

मग भाऊंनी खरं होतं तेच लिहिलं. वाती पन्नास रुपये, पाठवणावळ साठ.

झालं! पुण्याच्या एका बाईनं खाली सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: 'मालापेक्षा पाठवणावळ जास्त. निव्वळ चोर आहेत.'

"थू तिच्या!" भाऊंनी फोन गादीवर आपटला. "हवेचं भाडं घेणारा साव, अन् मी चोर!"

ऑर्डरी बंद पडल्या. शारदाबाईंच्या सुपात कापूस तसाच पडून राहिला. "जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "माह्यंच चुकलं. या वयात कमवाले निंगाली." आणि हात मांडीत घेऊन बसून राहिल्या. ते बसणं भाऊंना बघवेना.

त्यांनी अर्पिताला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, साधं आहे. वातींची किंमत एकशेवीस करा आणि लिहा, डिलिव्हरी मोफत."

"मोफत कुठं आहे अवं? उलट दहा रुपये जास्तच घेऊन राह्यलो."

"सगळेच करतात."

"सगळे शेण खातात, म्हणून आपणही ताट मांडायचं?"

पण शारदाबाई समोरच बसल्या होत्या, रिकाम्या हातांनी. भाऊंनी नाक मुठीत धरून 'मोफत' टाइप केलं.

ऑर्डरींची रीघ लागली. आठवड्याच्या आत त्याच पुण्याच्या बाईनं पुन्हा वाती मागवल्या आणि पाच तारे देऊन लिहिलं: 'चूक सुधारली हे छान केलंत! पाठवणावळ स्वतः सोसतात. इतकी प्रामाणिक माणसं आता कुठं भेटतात?'

शारदाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. "पाह्यलं? लोकायले कदर असते बरं! लिहा न तिले, धन्यवाद म्हणून."

भाऊंचं तोंड कडू झालं. ही बाई एकशेदहाला चोर म्हणाली होती आणि एकशेवीसला पाया पडत होती. पण बायको आशेनं तोंडाकडे पाहत होती.

त्यांनी 'धन्यवाद' लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि मोरीत जाऊन खळखळून चूळ भरली.