साडूचा चमचा

जगात एकही वस्तू स्वस्थ बसलेली नाही, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. तो बंगळूरला हेलिकॉप्टरच्या पात्यांवर संशोधन करतो. वीज दिली की आपोआप वाकणारी पट्टी पात्यात बसवायची. मग पातं फिरता फिरता स्वतःच किंचित मुरडतं, थरथर कमी होते आणि आत बसलेल्याची हाडं खिळखिळी व्हायची वाचतात, एवढं मला कळलंय. पण ह्याला सगळीकडे हेलिकॉप्टरच दिसतं! बदनापूरला घरी आला की फ्रिजवर पाण्याचा पेला ठेवून त्यातले तरंग बघत बसतो. एकदा भोकरदनच्या एसटीत मुद्दाम शेवटच्या बाकावर बसला आणि उतरताना ड्रायव्हरला म्हणाला, "मामा, इंजिनाखालचं रबर गेलंय." मामा म्हणाले, "साहेब, माझी कंबर गेलीय, ते आधी बघा!" एका लग्नात तर मांडवातल्या पंख्याकडे मान वर करून असा उभा राहिला की अक्षता मुठीतच राहिल्या. मेहुणीने कपाळाला हात लावला.

मागच्या वर्षी त्याच्या वडिलांचे, आबांचे, हात कापू लागले. गोळ्या सुरू झाल्या, तरी घास तोंडाशी येईतो अर्धा सांडायचा. सुनेच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या, हातून खाणं आबांना मंजूर नव्हतं. आधी त्यांनी पंगतीत बसणं सोडलं, मग जेवणच टाळू लागले. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. साडू हादरला. सुट्टीचे सगळे दिवस खपून त्याने एक चमचा केला. दांड्यात तसलीच पट्टी. हात डावीकडे गेला की चमचा उजवीकडे. माझ्यासमोर त्याने तो आबांच्या हातात दिला. हात थरथरत होता, चमच्यातलं पाणी हलत नव्हतं. खरं सांगतो, मला भरून आलं.

आबांनी चमचा उलटसुलट पाहिला. "लई भारी केलंस रे. पण भाकर काय चमच्यानं मोडू का?"

सगळं मोजलं होतं पठ्ठ्याने, पण बाप जन्मभर भाकरी कुस्करून हाताने खातो, हेच विसरला! मी हसायला लागलो आणि मध्येच थांबलो. साडू रडत होता.

मग तो उठला, हात धुऊन आबांच्या शेजारी मांडी घालून बसला आणि त्यांच्या मनगटाखाली तळवा धरला.

"दाबू नको. नुसता ठिव," आबा म्हणाले.

थोडं सांडलं, पण घास तोंडात गेला. दुसराही गेला.

"कधी जातूस?"

"रविवारी, आबा."

आबांनी ताट पुढे सरकवलं. मग सुनेला म्हणाले, "मंग आज अजून एक भाकर वाढ."