उजव्या बटणाचे व्याही

या, या. अशा जवळ बसा. दारात चपला घालूनच टेकू नका. इतके दिवस फिरकला नाहीत, फोन केला तर 'येते, येते' म्हणालात, आणि आता आलात तर डोळा घड्याळावर! असं वागतात का आपल्या माणसांशी? चहा होईतो तुम्हाला आमच्या व्याह्यांची गोष्ट सांगते. व्याही म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचे सासरे. ब्रह्मदेव जगात एखादी गोष्ट घालायची विसरला असेल ना, तर ती कॉम्प्युटरच्या उजव्या बटणाखाली घालून द्यायला हा माणूस तयार आहे. जुन्नर-आंबेगावात असा दुसरा नाही, आणि असलाच तर त्या दोघांना एका खोलीत बसवू नये, एवढंच माझं म्हणणं.

ओतूरला एसटी स्टँडच्या समोर त्यांचं टायपिंगचं दुकान. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, सगळं तिथं टाइप होतं. आता कॉम्प्युटरवर एखाद्या अक्षरावर बाण नेऊन माउसचं उजवं बटण दाबलं की छोटी यादी उघडते, बघितलीय ना तुम्ही? कापा, नक्कल करा, चिकटवा. तुमच्या-माझ्यासाठी ती यादी तिथं संपते, व्याह्यांची तिथून सुरू होते. लिहायच्या त्या प्रोग्रामला एक्स्टेन्शन म्हणून एक जोडकाम लावता येतं आणि त्यातून या यादीत आपल्या मनाच्या ओळी घालता येतात, हे त्यांना कुठंसं वाचून कळलं आणि संपलंच. मला म्हणाले, "प्रोग्राम कंपनीचा असंल विहीणबाई, पण उजव्या बटणाखालची जागा आपली. भाड्याच्या घराला पाटी आपल्याच नावाची लागती का न्हाई?" मग काय, 'साहेबांना नमस्कार' दाबलं की अर्जाच्या डोक्यावर साहेबांचा सगळा हुद्दा सेवेशी सादर. नुसत्या नावावर 'मान द्या' दाबलं की मागंपुढं श्री. आणि राव लागून माणूस फेटा बांधल्यासारखा दिसायचा.

पण त्यांची लाडकी ओळ म्हणजे 'आवाज कमी'. एकदा एक शेतकरी जळलेल्या ट्रान्सफॉर्मरचा, म्हणजे डीपीचा, अर्ज द्यायला आला. तापलेला. तो शिव्यांसकट सांगत गेला आणि हे शिव्यांसकट टाइप करत गेले. "लिव्हा वो भाऊ, सगळं लिव्हा!" "लिवतोय की, तुमी बोला." बोलून तो गार झाल्यावर यांनी सगळा अर्ज निवडला, 'आवाज कमी' दाबलं, आणि प्रत्येक शिवीच्या जागी 'संबंधित' हा शब्द येऊन बसला. 'तरी त्या संबंधित संबंधितांनी आमचा संबंधित डीपी ताबडतोब बसवावा.' शेतकऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "राव, हे तर लईच झोंबतंय!" आणि खुशीत सही करून गेला.

हे सगळं सहज जमलं असं समजू नका. त्या एक्स्टेन्शनचं लिखाण असं नाजूक, की एक कंस मिटायचा राहिला तरी केलेली ओळ यादीत उगवतच नाही. एकदा असंच झालं. दोन दिवस डोकं धरून बसले, जेवणात लक्ष नाही, शेवटी एसटीनं ओझरला जाऊन विघ्नहराला नारळ फोडून आले. आल्यावर बघतात तर ओळ हजर! लेकीची सासू म्हणाली, "पावला गणपती." पुढं कळलं की कंस केव्हाच मिटला होता, फक्त प्रोग्राम एकदा बंद करून उघडायचा राहिला होता, आणि हे नारळ घ्यायला गेले तेव्हा गावातली लाइट जाऊन कॉम्प्युटर बंद पडला होता. व्याही म्हणाले, "लाइट कुणी घालवली मग?"

आमच्याकडं घोडेगावला मुलगी बघायला आले तेव्हाही तेच. पोहे झाले. व्याह्यांनी लेकीला विचारलं, "पोरी, उजवं बटण वापरती का?" ती म्हणाली, "नाही मामा, माझं सगळं कीबोर्डवरच होतं." व्याही छताकडं बघत म्हणाले, "घरात दोन्ही पायजे. मुलगी पसंत."

लग्न ठरलं, पण त्यात एक काटा होता. व्याह्यांचा थोरला भाऊ मढला राहतो, भातशेती करतो. त्यानं सामाईक बांधावरचं आंब्याचं झाड न विचारता तोडलं, त्यावरून दोघांचं बोलणं कैक वर्षं बंद. आमचे जावई तर थोरल्या चुलत्याच्या, म्हणजे आबांच्या, खांद्यावर वाढलेले. ते लेकीला म्हणाले होते, "आबांनी हळद लावल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही." इकडं व्याही म्हणायचे, "मी त्याच्या दारात जाणार न्हाई." बापाचा हट्ट तसा लेकाचा. लेक माझी रात्रंदिवस फोन हातात घेऊन बसलेली, आणि मला वाटायचं, आता हे लग्न मोडतं का काय.

आता त्यांची पद्धत ऐका. उजव्या बटणातून जे आलं ते ते पुन्हा वाचत नाहीत. "ज्याचा इस्वास न्हाई त्यानं हातानं लिवावं," म्हणतात. त्या यादीत 'भावकी' अशी एक ओळ. ती दाबली की घराण्यातली सगळी नावं वयाच्या क्रमानं पत्रिकेत उतरतात. भांडणानंतर त्यांनी त्यातून भावाचं नाव काढलं होतं. पण लग्नाच्या आधी दुकानातला कॉम्प्युटर जळला, नव्यावर जुन्या पेनड्राइव्हमधलं एक्स्टेन्शन चढवलं, तेही भांडणाच्या आधीचं. यांनी 'भावकी' दाबलं आणि न वाचता पत्रिका छापायला दिली.

गठ्ठा आला तेव्हा मी तिथंच होते. लेकीच्या सासूनं पहिली पत्रिका कुंकू लावून देवापुढं ठेवली आणि मग दुसरी उघडली. निमंत्रक म्हणून पहिलंच नाव थोरल्या भावाचं! व्याह्यांनी पत्रिका हिसकून बघितली.

"जुनं चढलंय गं. सगळ्या फाडाव्या लागतील."

"देवाला दावलेली पत्रिका फाडत्यात व्हय? छापलं ते छापलं."

"आगं, पण त्याला आता आवतण द्यायचं कसं? निमंत्रकाला कुणी आवतण देतं का?"

"मग नका देऊ. पत्रिका वाटायला चल म्हणा."

व्याह्यांनी गठ्ठा उचलला. आम्ही जीप करून मढला गेलो. थोरले भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजत होते, तोंड धुरानं काळं. व्याह्यांनी लांबूनच पत्रिका पुढं केली. थोरल्यांनी ती हातभर लांब धरून वाचली, परत वाचली.

"माझं नाव कुणी घातलं?"

"मशीननं."

"मशीनला अक्कल हाय म्हणायची. तुला कवा येणार?"

थोरले राखेकडं बघत म्हणाले, "आंबा पोकळ झाला व्हता. तुझ्या पोरावर पडला असता, म्हणून तोडला."

"मग सांगायचं व्हतं की."

"तू इचारलंस कुठं?"

मग थोरले पंच्याला हात पुसत म्हणाले, "कोणकोणत्या गावाला वाटायच्या राहिल्यात?" आणि येऊन जीपमध्ये पुढं बसले. हळद त्यांनीच लावली. जावई रडले, व्याही मंडपाच्या मागं जाऊन उगाच वायर तपासत बसले.

त्यांनी ती पत्रिका खरंच वाचली नव्हती का, असं मी एकदा विचारलं. "तुमी चहा घ्या," म्हणाले.

आता थोरल्यांची नजर गेलीय. व्याही दुकानाला कुलूप लावून निम्मा आठवडा मढलाच असतात, भावाला हाताला धरून बांधावर फिरवतात. मी माझं काहीबाही लिहिलेलं टाइप करून घ्यायला ओतूरला जाते आणि बंद दारावरून परत येते. मागं भेटले तेव्हा विचारलं, "काय भाऊ, यादीत नवीन काय घातलं?" म्हणाले, "काय न्हाई विहीणबाई. लई वर्सं वाया घालवली, आता त्याच्याजवळ बसतो." एवढंच म्हणाले आणि एसटी धरायला निघून गेले.

चहा निवला बघा बोलण्यात. तुम्ही एकदा सवडीनं मुक्कामाला या, आपण मिळून मढला जाऊ. दोघं ओट्यावर बसलेले असतात, आल्यागेल्याची वाट बघत. पण लवकर या हो. थोरल्यांना आता आवाजावरूनच माणूस ओळखावं लागतं, आणि तुमचा आवाज त्यांनी अजून ऐकलेला नाही.