कागदवाले मेस्त्री

मेस्त्रींना सगळे 'कागदवाले' म्हणत. गाडीतून काहीतरी गळतंय अशी तक्रार आली, की ते इंजिनाखाली आणि चारही चाकांपाशी पांढरे कागद पसरत आणि तासभर दुसऱ्या कामाला लागत. मग कागद उचलून डाग बोटावर चोळायचा, हुंगायचा. काळा असला तर इंजिनचं ऑइल, फिकट पिवळा आणि निसरडा असला तर ब्रेकचं. गिऱ्हाईकाने घाई केली की म्हणायचे, "माणसं थापा मारतात, कागद मारत नाही." माणूस तिरसट. कुणी सल्ला द्यायला लागलं की त्याच्याच हातात पाना द्यायचे. पण हाताला कसब असं, की लोक बोलणी खाऊनही परत त्यांच्याकडेच येत.

लग्नाच्या भानगडीत ते पडले नाहीत. थोरल्या भावाचं घर हेच त्यांचं घर, दोन्ही वेळचं ताट तिथेच. दादाची भाडी मारायची गाडी होती, जुन्या बनावटीची, चारही चाकांचा ब्रेक एकाच सिलिंडरवर चालणारी. दादाला बसल्या जागी झोप लागायची. न्हाव्याच्या खुर्चीत तर रोजचंच, पण एकदा दात काढून घेतानाही गडी घोरायला लागला होता! घरात त्याचं नावच 'डुलकी' पडलं होतं. स्टिअरिंग हातात आलं की मात्र त्याचा डोळा कधी लागला नाही, पण असल्या गोष्टी कोण लक्षात ठेवतो?

त्या गुरुवारी दादा गॅरेजमध्ये आला. "अरे, ब्रेक ऑइल कमी झालंय. पायालाही जरा मऊ लागतंय."

मेस्त्रींनी कागद पसरले. तासाभराने पाहिलं तर पाचही कागद कोरडे ठणठणीत.

"गळत बिळत काही नाही," ते म्हणाले. "पॅड घासलेत, म्हणून ऑइल खाली गेलंय. भरून देतो. रविवारी गाडी आण, पॅड बदलून टाकू."

रविवार उजाडलाच नाही. शनिवारी सकाळी उतारावरच्या वळणावर गाडी सरळ दगडी भिंतीवर गेली. स्टिअरिंगवर छाती आपटली आणि दादा जागीच गेला. रस्त्यावर टायर घासल्याची खूण नव्हती. लोकांनी लगेच निवाडा केला, ब्रेकच मारला नाही म्हणजे झोप लागली असणार. डुलकीच तो शेवटी.

वहिनींनीही तेच मनाला लावून घेतलं. "आदल्या रात्री मीच ह्यांना झोपू दिलं नाही, भावजी. नको त्या गोष्टीवरून भांडत बसले. मीच मारलं ह्यांना." हे त्या रोज म्हणत. घास त्यांच्या घशाखाली उतरेना. मेस्त्री समोर मान खाली घालून जेवत.

गाडी गॅरेजमध्ये आणून ठेवली होती. पंधरा दिवस ते तिच्याकडे फिरकले नाहीत. मग एका दुपारी, काय वाटलं कुणास ठाऊक, बॉनेट उघडलं. जाळी आणि बंपर चेपले होते, पण ब्रेकचं सगळं जागच्या जागी होतं. गुरुवारी काठोकाठ भरलेली ब्रेक ऑइलची टाकी तेवढी रिकामी होती.

खाली मात्र थेंब नाही. नळ्या कोरड्या, चाकं कोरडी. मेस्त्रींनी मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडले आणि तो पुढे ओढला. पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलतो तो हा सिलिंडर, आणि त्याच्या मागे पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा मोठा गोल डबा असतो. सिलिंडर सुटला तसं त्या डब्यातून ऑइल भळभळा बाहेर आलं. मागचं रबरी सील फाटलं होतं. ऑइल जमिनीवर पडतच नव्हतं, आतल्या आत डब्यात साठत होतं. कागद जन्मभर पसरला असता तरी कोरडाच राहिला असता. आणि ऑइल लागून सिलिंडर-डब्याच्या जोडावरचा रंग फुगून सुटला होता, नुसतं बोट फिरवलं असतं तरी कळलं असतं. मग सिलिंडर खोलून बघणं पंधरा मिनिटांचं काम. पण कागद कोरडा म्हटल्यावर मेस्त्री बोट कशाला फिरवतील!

ते तिथेच जमिनीवर बसले. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर ते घर सुटणार होतं, आणि म्हातारपणी दुसरं घर कुठून आणायचं? पण गप्प राहिलं, तर वहिनी जन्मभर स्वतःला खात राहणार होत्या.

संध्याकाळी ते वहिनींना म्हणाले, "दादा झोपला नव्हता. ब्रेक गेला होता. मी नीट बघितलं नाही." मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, कागदासकट.

वहिनींनी वाढायला घेतलेलं ताट खाली ठेवलं. "मी म्हटलं होतं ह्यांना," त्या म्हणाल्या, "मऊ लागतंय तर दुसरीकडे दाखवा. तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, भावाने बघितलंय ना, मग झालं."

यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं, असं मेस्त्रींना वाटलं. ताट न वाढून घेताच ते उठले.

"गाडी नीट होईल?" वहिनींनी मागून विचारलं.

"होईल."

"मग करा."

दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनी नवा सिलिंडर बसवला, बूस्टर बदलला. राहिलं नळ्यांतली हवा काढायचं काम. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडल दाबायला आणि एक चाकापाशी निपल, म्हणजे हवा जायचा छोटा स्क्रू, सोडायला. ते कुणाला हाक मारावी या विचारात असताना वहिनी आल्या. काम समजून घेतलं आणि दादाच्या सीटवर जाऊन बसल्या.

मेस्त्री मागच्या चाकापाशी आडवे झाले. "दाबा, वहिनी. आता दाबून धरा."

त्यांनी निपल सोडलं. नळीतून बुडबुडे आले.

"भावजी," वरून आवाज आला. "हा खालीच गेला. पार तळाला."

"जाणारच. मी इथे सोडलंय ना."

"ह्यांच्या पायाखाली असाच गेला असेल?"

मेस्त्रींचा पाना तिथेच थांबला. "हो."

"मग जागे होते म्हणजे," वहिनी म्हणाल्या. "सगळं कळत होतं ह्यांना."

मेस्त्रींनी निपल आवळलं. आता 'सोडा' म्हणायचं होतं, पण ते निपलवर पाना धरून तसेच पडून राहिले. आणि वर वहिनी पेडल दाबून तशाच बसून राहिल्या.