शेजारची तुळस आणि माझी रेघोट्यांची

मंडळी, खोटं कशाला बोलू, आज सकाळपासून मी शेजारच्या तुळशीवर जळून राहिलो आहे.

महिनाभर माझ्या तुळशीच्या पानांवर पांढऱ्या, नागमोडी रेघोट्या उमटत होत्या. मला त्यांत पहिलीतली पाटी दिसायची, कवितेचा तास आठवायचा. ती पानं खुडायला हातच होईना.

आज नैवेद्यावर ठेवायला सौ.ला एक धड पान मिळालं नाही. ती सरळ शेजारच्या वसंतरावांकडे गेली आणि मूठभर हिरवीगार पानं घेऊन हसत परतली. मागून कुंपणावरून वसंतराव म्हणाले, "काहून भाऊ, झाडावर कविता लिहून राहिले का? अजी, पानाच्या आत अळी बसली आहे! रेघ दिसली की पान खुडा अन् प्लास्टिकच्या पन्नीत बांधून फेका. मी तर रोज चहाच्या आधी हेच करतो."

"शिका जरा त्यांच्याकडून," सौ. म्हणाली.

मी तिथल्या तिथे रेघोट्यांची सगळी पानं खुडली. झाड अर्धं बोडकं झालं.

आता जाणकारांनी सांगा, नवी पानं फुटायला किती दिवस लागतात? तोवर पानांसाठी सौ.ला रोज त्या कुंपणापाशी हसताना पाहणं मला जमायचं नाही.