मावशींची काळजी आणि पोट सुटलेला टीव्ही

काळजी करणं हाच मावशींचा मुख्य धंदा. शिवणकाम आपलं जोडीला. पाठीमागे पोट सुटलेला त्यांचा जुना टीव्ही टाकायचं कुणी नाव काढलं, की त्या अंगावर धावून जात. त्यामुळे दूर राहणाऱ्या लेकीशी मोठ्या पडद्यावर बोलायचं ठरलं, तेव्हा टीव्हीवाल्याला एक छोटी डबी आणावी लागली. तिच्या एका बाजूला मोबाइलची वायर लागली आणि दुसऱ्या बाजूच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना जुन्या टीव्हीत गेल्या.

लेक पडद्यावर दिसली आणि मावशींनी हंबरडाच फोडला.

"अगं, वाळून काडी झालीस! जेवतेस की नाही?"

"आई, उलट वजन वाढलंय माझं."

"आईशी खोटं बोलतेस?"

टीव्हीवाल्याने घसा खाकरला. "मावशी, हल्लीचं चित्र रुंद असतं. तुमच्या टीव्हीत मावावं म्हणून ते दोन्हीकडून दाबलं गेलंय. थांबा."

त्याने डबीवरचं बटण दाबलं. वर-खाली काळे पट्टे आले आणि मधे लेक प्रकटली, गालांना खळ्या पडलेली, चांगली गुबगुबीत.

मावशी बघतच राहिल्या. डोळे पुसायला घेतलेला पदर हातातच राहिला.

शेवटी मावशी टीव्हीवाल्यावरच खेकसल्या, "मघाशी होतं तसं कर बाबा! आता हिच्याशी बोलू तरी काय?"